वीरांची नावे आणि त्यांचे वेष

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सौसरला आमच्या देवळात मुले आपापले लाकडी बैल घेऊन दर्शनास आली होती. नागपूरकडील चालीप्रमाणे इकडेही त्या दिवशी मुलांना नाना वेष देऊन नटविण्याची हौस आहे. कोणी डोक्याला मुंडासे बांधलेला शेतकरी, कोणी शिवाजी महाराज, कोणी शेपूट लावलेला मारुती. त्यांत सहा-सात वर्षांचा एक मुलगा आपादमस्तक लाल-निळ्या पोशाखात होता. डोके, तोंड, डोळेसुद्धा झाकलेले, आणि छातीवर काळा कोळी काढलेला. बाबांनी तीर्थाची पळी पुढे करून सहज विचारले, "तू कोणाचा रे, बाळा?" मुलगा म्हणाला, "नाव सांगायचं नसतं." परंतु तीर्थ घ्यावयाचे तर तोंड उघडे करणे भाग होते. तो क्षणभर घोटाळला. मग त्याने मुखवटा नाकापर्यंत वर केला, तीर्थ घेतले, प्रसादाचा लाडू मुठीत धरला आणि मुखवटा पुन्हा खाली ओढून तो गर्दीत नाहीसा झाला. त्याच्या मागे उभा असलेला मारुती मात्र कोणी न विचारताच आपले नाव, वडिलांचे नाव आणि राहण्याची गल्ली सांगून मोकळा झाला होता.

पुढच्या शनिवारी मुलांच्या अभ्यासवर्गात हाच विषय निघाला. एकाने मला विचारले, "कोळ्याच्या मुखवट्यात पीटर असतो. मग मारुतीच्या आत कोण असतो?" बाकीची मुले हसली. मी "मारुतीच्या आत मारुतीच" असे काहीसे म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते उत्तर माझे मलाच पटेना. पुष्कळ दिवस विचार करून, व बाबांच्या जवळची महाभारत-रामायणाची जुनी पुस्तके पुन्हा चाळून जे हाती लागले, ते येथे मांडीत आहे. त्या मुलाला दिलेले हे उशिराचे उत्तर आहे, असे वाचकांनी समजावे.

आजची मुले ज्यांना सुपरहिरो म्हणतात त्या वीरांचा वंश फार जुना नाही. अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ साली छापून आला. दुसऱ्याच वर्षी बॅटमॅन अवतरला. आणि आमच्या देवळात आलेला तो कोळी, म्हणजे स्पायडरमॅन, १९६२ सालचा. शुस्टरने आपल्या वीरास जो अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि त्यावरून चड्डी दिली, ती त्या काळच्या सर्कशीतील बलदंड मल्लांची होती. ऐकून हसू येते खरे. पण आपल्या चित्रकारांनी मारुतीला जो लंगोट आणि पिळदार देह दिला, तोही तालमीतूनच आलेला नाही काय? वाल्मीकींचा हनुमान लढताना वृक्ष उपटतो, शिळा फेकतो, अशोकवनाच्या तोरणाजवळचा लोखंडी परिघ उचलतो; खांद्यावरची गदा पुढील काळातील मूर्तिकारांनी व चित्रकारांनी रूढ केली. बळ दाखवावयाचे झाले की चित्रकार आपल्या गावच्या पहिलवानाकडे पाहतो, मग ते गाव क्लीव्हलँड असो की कोल्हापूर.

बॅटमॅनचे नाव आणि वेष यांची सांगड त्याच्या स्वभावाशी मोठ्या विचाराने घातलेली आहे. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत आईवडिलांची हत्या झाली. तेव्हापासून दुष्टांच्या मनात धाक बसविणे हे त्याने व्रत केले, आणि अंधारात माणसाला दचकविणाऱ्या वटवाघळाचे रूप घेतले. तो स्वतः एका भयातून घडला आणि तेच भय त्याने अंगावर पांघरले. सुपरमॅनची तऱ्हा उलटी आहे. चष्मा लावणारा, खांदे पाडून चालणारा, सर्वांपुढे नमणारा वार्ताहर क्लार्क हाच त्याचा वेष. उडणारा वीर हे त्याचे मूळ रूप. आपल्या दूरदर्शनवर १९९७ साली आलेला शक्तिमान ह्याच घराण्यातला. दात पुढे आलेला, चष्मेवाला, सदा गोंधळलेला गंगाधर, आणि त्याचे ते पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री असे लांबलचक नाव! शास्त्रीबुवांच्या घराण्यातला असल्यामुळे मला लहानपणी ह्या नावावरून वर्गात पुष्कळ चिडवून घ्यावे लागले, हे जाता जाता सांगून टाकतो.

ह्या सर्व नावांत एक गोष्ट ध्यानात येते. ती नावे बळाची किंवा प्राण्याची आहेत. वेष सकाळी चढविता येतो, काम झाले की उतरवून ठेविता येतो. आणि वेषाचे एक मुख्य काम म्हणजे खरे नाव झाकणे. आता आपल्या पुराणांकडे वळले असता नावांची रीत निराळी दिसते. समुद्रमंथनात निघालेले हलाहल शंकराने प्राशन केले, ते कंठात राहिले आणि कंठ निळा झाला. म्हणून तो नीलकंठ. येथे नाव, रंग आणि कृत्य ही तिन्ही एकच आहेत. तो निळा रंग काढून ठेविता येत नाही. यशोदेने खोडकर कृष्णाला दाव्याने उखळाशी बांधले, पोटाला दावे लागले, त्याचा तो दामोदर झाला. आईने केलेली शिक्षा हे परमेश्वराचे नाव होऊन बसावे, ही कल्पना मला फार गोड वाटते. जेजुरीचा मल्हारी हे नाव मल्ल दैत्याच्या वधावरून पडले. शंतनूच्या सुखासाठी देवव्रताने राज्य सोडले, विवाह सोडला, आणि त्या भयंकर प्रतिज्ञेमुळे देवांनीच त्याला भीष्म म्हटले. जन्माचे नाव मागे पडले ते कायमचे. ह्यांपैकी कोणीही आपले नाव स्वतः निवडलेले नाही. नाव ही त्यांच्या हातून घडलेल्या किंवा त्यांना सोसाव्या लागलेल्या गोष्टीची खूण आहे.

हनुमान हे नाव तर उघड उघड जखमेचे नाव आहे. किष्किंधाकांडात समुद्रतीरी वानरसेना हताश होऊन बसली असता जांबवान मारुतीला त्याच्या जन्माची कथा सांगतो. बालपणी उगवत्या सूर्याला फळ समजून तो झेपावला; इंद्राने वज्र फेकले; पर्वतशिखरावर आदळून त्याची डावी हनुवटी भंगली, आणि तेव्हापासून त्याला हनुमान म्हणू लागले. ज्या मुलाला आपण सर्वांत बलवान म्हणतो, त्याचे रोजच्या जपातले नाव त्याच्या पडण्याची आठवण देणारे आहे. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की ही कथा मारुतीला दुसऱ्याने सांगावी लागते. ऋषींच्या शापामुळे त्याला आपल्या बळाचे विस्मरण झाले होते, असे उत्तरकांडात म्हटले आहे. सुपरमॅन आपले बळ जाणून लपवितो. मारुतीपासून त्याचे बळ लपलेले आहे. जांबवानाने नाव उच्चारून आठवण दिली तेव्हा तो वाढला, आणि महेंद्र पर्वतावरून उडाला.

मारुतीने वेष पालटला नाही असे मात्र नाही. ऋष्यमूकावरून रामलक्ष्मणांना पाहून सुग्रीव घाबरला, तेव्हा हे कोण आहेत हे पाहण्यासाठी हनुमान भिक्षूचे रूप घेऊन त्यांच्याकडे गेला. वेष उत्तम वठला होता. परंतु बोलणे झाकता आले नाही. त्याचे भाषण ऐकून श्रीरामांनी लक्ष्मणाला सांगितले की, वेदांचे अध्ययन आणि व्याकरणाचा अभ्यास केल्यावाचून कोणी असे बोलू शकणार नाही. इतक्या बोलण्यात एकही अपशब्द आला नाही. भिक्षूचे कपडे दूरच राहिले आणि ओळख जिभेने पटली. लंकेत शिरताना तो मांजराएवढा लहान झाला, हेही वाचकांस ठाऊकच आहे. ह्या प्रत्येक वेळी रूप बदलण्याचे कारण समोरचे काम हे आहे, आणि ते काम दुसऱ्याचे आहे.

एकाच नावाला दोन वेष कसे शोभतात हे पाहावयाचे असेल तर सातारा जिल्ह्यातील चाफळला जावे. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी दोन तेथे आहेत. श्रीरामाच्या मंदिरासमोर हात जोडून उभा आहे तो दासमारुती. मंदिराच्या मागच्या बाजूला आहे तो प्रतापमारुती. रामासमोर हात जुळलेले आणि रामाच्या पाठीशी हात उगारलेले. कपड्यांत फरक नाही म्हटले तरी चालेल. उभे राहण्याच्या ढबेने सर्व सांगितले.

आता वेषांतराचा खरा ग्रंथ म्हणजे महाभारतातील विराटपर्व. तेराव्या वर्षी पांडवांना ओळखू न येता राहावयाचे होते, म्हणजे आजच्या भाषेत त्यांना मुखवटे घालावयाचे होते. पण त्यांनी निवडलेले मुखवटे पाहावेत. युधिष्ठिर कंक नावाचा ब्राह्मण झाला आणि विराटराजाच्या सभेत फासे खेळविण्याचे काम त्याने पत्करले. ज्या द्यूतात राज्य, भाऊ, पत्नी, सर्व घालविले, तेच त्याने लपण्याचे ठिकाण केले! भीम बल्लव नावाचा आचारी झाला. खाणे आणि कुस्ती ह्या त्याच्या दोन्ही आवडी त्या एका नोकरीत साधल्या. नकुल घोड्यांकडे गेला, सहदेव गाईंकडे. पट्टराणी द्रौपदी सैरंध्री होऊन दुसऱ्या राणीची वेणीफणी करू लागली, आणि ह्या वेषात तिचे तेज झाकले गेले नाही म्हणूनच कीचकाचे प्रकरण उद्भवले. मनुष्य स्वतःला लपवावयास निघाला की आपल्या स्वभावाचाच आडोसा शोधतो, असे व्यासांना दिसले असावे.

अर्जुनाचा प्रकार सर्वांहून मार्मिक आहे. तो बृहन्नडा होऊन अंतःपुरात नृत्यगायन शिकवू लागला. त्यापूर्वी त्याने आपली एक अडचण भावांना सांगितली होती. धनुष्याची दोरी ओढून ओढून त्याच्या दोन्ही हातांवर घट्टे पडले होते. इतरांच्या एकाच हातावर पडतात; ह्याच्या दोन्ही हातांवर, कारण तो दोन्ही हातांनी बाण सोडी, म्हणून तर तो सव्यसाची. ते घट्टे दिसले की ओळख पटणार. तेव्हा त्याने दोन्ही हात बांगड्यांनी झाकले. ज्या खुणेने नाव मिळाले, त्याच खुणेवर वेष चढविला. मला हा प्रसंग वाचताना नेहमी वाटते की वर्षभर त्या बांगड्यांखाली घट्टे हळूहळू मऊ पडत गेले असतील काय, आणि अर्जुनाला रात्री त्याची चिंता वाटली असेल काय? व्यासांनी ते सांगितलेले नाही.

पुढे कौरवांनी विराटाच्या गाई पळविल्या. राजपुत्र उत्तर बृहन्नडेला सारथी करून मोठ्या डौलाने निघाला, आणि समोर सेनेचा समुद्र पाहताच रथातून उडी टाकून पळत सुटला. त्याच्यामागे लांब वेणी आणि तांबडी वस्त्रे उडवीत बृहन्नडा धावली. हे दृश्य पाहून कौरवांचे सैनिक हसले. पण त्यांतल्या काहींना शंका आली की वेष बाईचा असला तरी ही मान, हे बाहू, ही चाल अर्जुनाची आहे. पुढे शमीच्या झाडापाशी, जेथे पांडवांनी शस्त्रे बांधून ठेविली होती आणि कोणी फिरकू नये म्हणून शेजारी प्रेत टांगले होते, तेथे बृहन्नडेने आपण अर्जुन असल्याचे सांगितले. उत्तराने काय पुरावा मागितला? "अर्जुनाची दहा नावे मी ऐकली आहेत. ती तू सांगशील तर मी विश्वास ठेवीन." अशा आशयाचे त्याचे बोलणे आहे. आणि अर्जुनाने ती दहाही नावे कारणांसह सांगितली. देश जिंकून धन आणले म्हणून धनंजय. युद्धात कधी किळसवाणे कृत्य केले नाही म्हणून बीभत्सु. रथाला पांढरे घोडे म्हणून श्वेतवाहन. इंद्राने मस्तकावर किरीट ठेविला म्हणून किरीटी. वडिलांनी प्रेमाने ठेविलेले नाव कृष्ण. वेणी तशीच होती, बांगड्या तशाच होत्या. उत्तराने प्रणाम केला तो नावांना.

वेष गमावूनही नाव मिळते, त्याचे उदाहरण कर्ण. त्याचे बालपणाचे नाव वसुषेण. कवच आणि कुंडले त्याच्या जन्माबरोबरच आलेली. शिंप्याने शिवलेला कोणताही वीरवेष त्याची बरोबरी करू शकणार नाही, कारण तो त्याच्या त्वचेचाच भाग होता. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात मागावयास आला. हा कपटवेष आहे हे सूर्याने आधीच बजावले होते. तरी कर्णाने स्वतःच्या हाताने कवच कापून दिले, आणि त्या छेदनावरून त्याला वैकर्तन म्हणू लागले, असे महाभारत सांगते. वेष अंगावर असताना मिळालेल्या नावापेक्षा वेष कापून दिल्यावर मिळालेले नाव मोठे ठरले. इंद्राला मात्र त्या दिवशीच्या ब्राह्मणवेषाबद्दल कोणी नवे नाव दिले नाही.

ब्राह्मणवेषाची गोष्ट निघाली म्हणून एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. सीतेच्या पर्णकुटीसमोर रावण आला तो काषाय वस्त्रे नेसून, शेंडी राखून, छत्री, पादत्राणे आणि दंडकमंडलू घेऊन. सीतेने त्याचे आतिथ्य केले ते त्या वेषाचे. अपराध सीतेचा नव्हे. वेषाला मान देणे हा तिचा धर्म होता, आणि त्या धर्माचाच रावणाने गळफास केला. भगव्या वस्त्राकडे पाहून हात जोडणाऱ्या आम्हा सर्वांना वाल्मीकींनी हे लिहून ठेविले आहे.

नाव झाकण्यासाठी नेहमी कापडच लागते असेही नाही. ज्या दिवशी आमच्या सौसरला मुले बैल ओढीत होती, त्याच दिवशी पांढुर्ण्यास जांब नदीच्या पात्रात गोटमार चालू होती. पात्राच्या मध्ये पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, आणि आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत. कोणाच्याही तोंडावर मुखवटा नसतो. सर्व एकमेकांना ओळखतात. उद्या बाजारात भेटणार, सोयरिकीही करणार. तरी कोणाच्या हातच्या गोट्याने कोणाचे डोके फुटले हे कोणी सांगू शकत नाही. गर्दी हाच तेथे मुखवटा. मी लहानपणी एकदाच मामांबरोबर काठावर उभा राहून पाहिले आहे. एक माणूस डोके धरून खाली बसला तेव्हा समोरच्या काठावरचा ओरडा क्षणभर थांबला नाही, हे मला अजून आठवते. परंपरेविषयी येथे वाद करावयाचा नाही. अभ्यासवर्गातल्या मुलांना मी एवढेच विचारले की, प्रत्येक दगडावर फेकणाऱ्याचे नाव लिहिण्याची चाल असती तर पात्रात किती दगड पडले असते? मुले बराच वेळ गप्प होती.

असो. आता परदेशी वीरांतला जो मला सर्वांत जवळचा वाटतो, त्याच्याविषयी लिहितो. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला हा वीर आपल्याकडे १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून आला, आणि मराठीत त्याचे नाव वेताळ झाले. नाव ठेवणाऱ्याचे कौतुक वाटते. मूळचे नाव केवळ आभासाचे, भुताचे. आपल्याकडे वेताळ म्हणजे भुतांचा राजा आणि गावाच्या वेशीवरचा रखवालदारही. माझ्या मामांच्या पेटीत ती जुनी पुस्तके अजून आहेत. हा वेताळ अमर आहे असे जंगलातले लोक समजतात. वस्तुतः तो एकविसावा आहे. बाप मेला की मुलगा तोच पोशाख, तोच मुखवटा, तीच कवटीची अंगठी घालतो, आणि लोकांना काही कळत नाही. त्या अंगठीचा ठसा तो दुष्टांच्या हनुवटीवर उठवितो, हेही विशेष. आपल्या वीराची हनुवटी इंद्राने फोडली आणि ती वंदनीय झाली. त्याने फोडलेली हनुवटी जन्माचा कलंक ठरते.

बापाचा पोशाख मुलाने घालावा, ह्या कल्पनेने मला पकडून ठेविले आहे त्याला कारण आहे. बाबांचे गुडघे दुखावल्यापासून दोन वर्षे पहाटेची पूजा मी करतो. त्यांचेच सोवळे नेसतो. पांढऱ्या काठाचे ते वस्त्र माझ्या अंगाला थोडे लांब होते. पूजेनंतर ते दोरीवर टाकून मी शर्ट-पँट चढवितो आणि संत्र्यांच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहावयास जातो. एके शनिवारी एका आजीबाईंनी वाकून नमस्कार केला, "महाराज, नातवाच्या परीक्षेसाठी एक नारळ," असे म्हणाल्या. सोमवारी त्याच आजीबाई माझ्याशी डझनामागे दहा रुपयांसाठी हमरीतुमरीवर आल्या, आणि मला जन्मात पाहिले नसावे अशा नजरेने माझ्याकडे पाहत होत्या. मला प्रथम हसू आले. मग रात्री झोप येईना. नमस्कार मला नव्हता हे तर उघडच होते. पण मग वजनात हात आखडता घेणारा जो सोमवारचा मी, त्याने शनिवारी गाभाऱ्यात पाऊल टाकावे काय? हा प्रश्न मी कोणापुढे काढला नव्हता. त्या दिवशी बाबांच्या पुढे काढला, आणि त्याच्याबरोबर अभ्यासवर्गातल्या मुलाचा प्रश्नही.

बाबा मुलाच्या प्रश्नालाच आधी लागले. म्हणाले, "मारुतीच्या आत कोण, हे त्याने छाती फाडून दाखवले होते की! तुला आठवले नाही?" खरोखरच मला आठवले नव्हते. सीतामाईने मोत्यांचा हार दिला, मारुतीने एकेक मोती फोडून त्यांत राम शोधला, आणि हसणाऱ्यांना छाती उघडून रामसीता दाखविल्या, हे चित्र आमच्या देवळाच्याच भिंतीवर आहे. मी रोज त्याच्यासमोर समई लावतो. हाराचा प्रसंग वाल्मीकींत आहे, पुढचा भाग लोकांनी प्रेमाने वाढविला. मला एकदम क्लार्कचे ते प्रसिद्ध चित्र दिसले, ज्यात तो सदऱ्याची बटणे तोडून छाती उघडतो आणि आत त्याच्या स्वतःच्या नावाचे अक्षर असते. दोघेही छातीच उघडतात. एकाच्या आत त्याचे स्वतःचे नाव निघते, दुसऱ्याच्या आत दुसऱ्याचे.

माझ्या प्रश्नाला बाबांनी लगेच उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "सोवळे धुवायला टाकतोस ना रोज? हिशेबाची वहीही तशीच धूत जा." दुसऱ्या दिवशी मी व्यापाऱ्याकडे तोलकाट्याची वजने तपासून पाहण्याची गोष्ट काढली. त्यांनी मला हा उद्योग करू नकोस म्हणून सांगितले. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती तपासली. दोन वजने हलकी निघाली. ती आता बदलली आहेत.

वेषाखाली काय असते हा प्रश्न देवांनाही सुटत नाही. नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगीच्या गडावर देवीच्या मूर्तीवर शेकडो वर्षे शेंदराचे थर चढत गेले होते. ते २०२२ साली काढले, तेव्हा खालची अठरा भुजांची कोरीव मूर्ती स्पष्ट झाली. पिढ्यान्‌पिढ्या भक्तांनी ज्या रूपाला हात जोडले ते त्यांच्याच वडिलांच्या हातांनी चढविलेले होते. म्हणून ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. शेंदराचा प्रत्येक थर कोणाच्या तरी नवसाचा, कोणाच्या तरी आजारी मुलाचा होता.

आमच्या तालुक्यातील जामसावळीचा मारुती तर वीराच्या सर्व वेषांपासून दूर आहे. पिंपळाखाली तो आडवा निजलेला आहे. उड्डाण नाही, द्रोणागिरी नाही, उगारलेला हात नाही. पूर्वी तो उभा होता, पण जमिनीतल्या धनाच्या लोभाने लोक आले तेव्हा ते झाकून तो आडवा झाला, असे आमच्याकडे सांगतात. वनपर्वातही असाच एक निजलेला वानर आहे. द्रौपदीसाठी सौगंधिक कमळे आणावयास निघालेला भीम केळीच्या बनात त्याला दरडावतो, "वाट सोड." वानर म्हणतो, मी म्हातारा, उठवत नाही, शेपूट बाजूला कर आणि जा. भीमाने एका हाताने पाहिले, मग दोन्ही हात लावले, घामाघूम झाला, शेपूट हलेना. तेव्हा त्याने हात जोडून विचारले, "आपण कोण?" अंगावर कोणतेही चिन्ह नसता, केवळ न हललेल्या शेपटीवरून त्याने ओळखले की येथे नाव विचारले पाहिजे.

अर्जुनाची दहा नावे पाठ करणाऱ्यास पेढा, असे मी वर्गात जाहीर केले होते. गेल्या शनिवारी पहिला उभा राहिला तो आमचा तान्ह्या पोळ्याचा कोळीच. तो आता मुखवट्याशिवाय वर्गास येतो. अर्जुन, फाल्गुन, जिष्णु, किरीटी, श्वेतवाहन असे आठ नावांपर्यंत तो धडाधड आला आणि बीभत्सु व सव्यसाची येथे अडला. मी विचारले, "त्या दिवशी नाव का सांगितले नाहीस रे?" तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी उकरीत राहिला, आणि शेवटी म्हणाला की लाडू दोनदा घ्यायचा होता, एकदा कोळी म्हणून, आणि एकदा घरी जाऊन कपडे बदलून. दोन्ही वेळा बाबांनीच दिला होता. बाबा ओसरीवर बसून ऐकत होते. त्यांनी डब्यातून तिसरा लाडू काढला, आणि देण्याआधी त्याचे नाव विचारले.